वजनकाट्याला न दिसणारी चरबी

जुलै १९९५च्या 'सायन्स'मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाचा एक शोधनिबंध छापून आला. लठ्ठपणाचा मागमूस नसलेल्या, धडधाकट उंदरांना त्यांनी नव्यानं हाती आलेल्या एका संप्रेरकाची इंजेक्शनं दिवसातून दोनदा दिली होती. उंदरांचं वजन १२ टक्क्यांनी उतरलं. इथंच वाचणं थांबवलं तर विशेष काही वाटणार नाही. आजारपणात आणि उपासमारीतही एवढं वजन उतरतं. पण सारांशाच्या त्याच वाक्यात पुढे दुसरा आकडा होता. त्या उंदरांच्या अंगातली चरबी १२.२ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आली होती.

कागदावर ढोबळ हिशेब करून पाहावा. उंदीर २५ ग्रॅमचा धरला तर १२.२ टक्के म्हणजे साधारण तीन ग्रॅम चरबी. वजनातली १२ टक्के घट म्हणजेही तीन ग्रॅमच. गेलं ते जवळपास सगळं चरबीचं गेलं. स्नायू, हाडं, अवयव जागच्या जागी राहिले. उपासमारीत असं होत नाही, तिथं चरबीबरोबर मांसही झडतं. म्हणजे या संप्रेरकानं नेमकं काय केलं ते वजनाच्या आकड्यात नव्हतंच, ते चरबीच्या आकड्यात होतं.

त्या संप्रेरकाचं नाव लेप्टिन. ते चरबीच्या पेशींतूनच निघतं आणि मेंदूला सांगतं, की साठा पुरेसा आहे, आता खाणं आवर. लठ्ठ माणूस म्हणजे जिभेवर ताबा नसलेला माणूस, या जुन्या समजुतीला विज्ञानानं दिलेला तो सर्वात मोठा धक्का होता. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला लिहायचंय ते त्या दुसऱ्या आकड्याबद्दल. बोटभर प्राण्याच्या अंगात चरबी किती आहे, हे कसं कळतं? आणि तो प्राणी जिवंत असताना कसं कळतं?

बराच काळ यातल्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. भरवशाचा आकडा हवा तर उंदीर मारावा लागे. आतड्यातलं अन्न काढून टाकायचं, देहाचं वजन करायचं, मग तो ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा. कमी झालं ते पाणी. वाळलेल्या देहाची पूड करायची आणि ती सॉक्सलेटच्या काचेच्या उपकरणात ठेवून ईथरसारख्या द्रावकानं तासन् तास धुऊन काढायची. विरघळून गेली ती चरबी. मागे राहिलेला चोथा भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळायचा. उरलेली राख म्हणजे खनिजं, मुख्यतः हाडांमधली. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९मध्ये हे उपकरण बनवलं ते दुधातला स्निग्धांश मोजण्यासाठी. दुधाचा एक नमुना संपला तर दुसरा घेता येतो. उंदराच्या बाबतीत मात्र प्रत्येक आकड्यामागे एक जीव जाई, आणि त्या जिवाबरोबर त्याचा पुढचा सगळा इतिहासही.

या पद्धतीत क्रौर्य आहेच, पण तिच्यात शास्त्रीय उणीवही आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. लठ्ठपणा एका दिवसात येत नाही. तो चढतो, थबकतो, औषधानं उतरतो, औषध थांबवलं की परत येतो. मारून मोजलेला उंदीर यातला एकच क्षण सांगू शकतो. चौथ्या आठवड्यात दहा मारले, आठव्यात आणखी दहा, बाराव्यात आणखी दहा, असं करून जी रेषा काढली जाते ती कुठल्याही एका उंदराची नसते. वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे जोडून ती बनलेली असते. सुरुवातीलाच जास्त चरबी असलेला उंदीर पुढे मधुमेही होतो का, हा साधा प्रश्न त्या पद्धतीनं विचारताच येत नाही. कारण सुरुवातीची चरबी ज्याची मोजली, त्याला 'पुढे' उरलेलं नसतं.

*

लठ्ठ उंदरांची गोष्ट अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या बार हार्बर गावात सुरू होते. क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२९मध्ये तिथं जॅक्सन प्रयोगशाळा उभारली. भावा-बहिणींचा पिढ्यान् पिढ्या संकर करून जवळपास एकसारख्या जनुकांचे उंदीर तयार करायचे, म्हणजे एका प्रयोगशाळेतला निष्कर्ष दुसरीत तपासता येईल, ही त्यांची कल्पना. आज जगभरात सर्वाधिक वापरला जाणारा काळा उंदीर, ज्याला प्रयोगशाळांमध्ये 'ब्लॅक सिक्स' म्हणतात, तो लिटल यांच्याच १९२१च्या वंशातला. १९४७च्या ऑक्टोबरमध्ये, बार हार्बर ज्या बेटावर आहे तिथं वणवा पेटला आणि प्रयोगशाळेचा मोठा भाग उंदरांसकट जळून गेला. पूर्वी इथून उंदीर नेलेल्या संशोधकांनी आपल्याकडच्या जोड्या परत पाठवल्या आणि त्यांतून वंश पुन्हा उभे राहिले.

वणव्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९च्या उन्हाळ्यात, तिथल्या पिंजऱ्यांमध्ये काही पिल्लं विलक्षण गुबगुबीत दिसू लागली. ती खातच राहत, हालचाल कमी करत आणि वाढत वाढत नेहमीच्या उंदराच्या तिप्पट वजनाची होत. मार्गारेट डिकी, जॉर्ज स्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०मध्ये हे नवं जनुकीय वैगुण्य जाहीर केलं. त्याला 'ओबी' हे नाव पडलं. १९६०च्या दशकाच्या मध्यात तिथंच दुसरा एक लठ्ठ वंश सापडला. हे उंदीर तीव्र मधुमेही होत, म्हणून तो 'डीबी'.

डग्लस कोलमन हे कॅनडाहून आलेले जीवरसायनशास्त्रज्ञ त्याच प्रयोगशाळेत होते. दोन उंदरांची कातडी एका बाजूनं शिवून त्यांचं रक्त एकमेकांत मिसळू द्यायचं, असे प्रयोग त्यांनी केले. डीबी उंदराला निरोगी उंदीर जोडला, तर निरोगी उंदरानं खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला. डीबीला ओबी जोडला, तर ओबी उपाशी मेला. ओबीला निरोगी जोडला, तर ओबीचं खाणं कमी झालं. कोलमन यांनी काढलेलं अनुमान आजही थक्क करतं : रक्तात 'पोट भरलं' असं सांगणारं काहीतरी वाहतं, ओबीच्या अंगात ते तयारच होत नाही, डीबीच्या अंगात ते भरपूर असतं, पण त्याला ते ऐकू येत नाही. ही गोष्ट १९६९ ते १९७३च्या सुमाराची. ते 'काहीतरी' फ्रीडमन यांच्या गटाला १९९४मध्ये सापडलं आणि त्याचा ग्राहक रेणू त्यानंतर वर्षभरात दुसऱ्या एका गटाला. कोलमन आणि फ्रीडमन या दोघांना मिळून २०१०चं लास्कर पारितोषिक मिळालं.

या प्रयोगांची वर्णनं वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं, आणि ती अस्वस्थता झटकावी असं वाटत नाही. जनुकातल्या अशाच दोषामुळे जन्मापासून अतोनात लठ्ठ झालेल्या मुलांवर १९९०च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजमध्ये लेप्टिनचे उपचार झाले आणि ती मुलं सावरली. ते सावरणं त्या शिवलेल्या उंदरांच्या वाटेवरूनच आलं. म्हणूनच, ज्या प्रश्नासाठी मारण्याची गरज नाही तिथं मारणं टाळण्याचा मार्ग ज्यांनी शोधला, त्यांचं काम मला लेप्टिनच्या शोधाइतकंच आदराचं वाटतं.

*

तो मार्ग निघाला हाडांमधून. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन शहरात जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी १९६३मध्ये हाडातलं खनिज जिवंत माणसात मोजण्याची रीत मांडली. किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघणारा एकाच ऊर्जेचा बारीक झोत हातामधून सोडायचा आणि पलीकडे किती पोचतो ते मोजायचं. मनगटापाशी ते जमलं, कारण तिथं हाडाभोवती मांस थोडं असतं. कणा आणि खुबा मात्र मांसात खोल दडलेले. अडलेल्या किरणांपैकी हाडानं किती अडवले आणि मांसानं किती, हे एका ऊर्जेच्या झोतातून वेगळं करता येईना.

त्यावरचा उपाय म्हणजे दोन ऊर्जा. समजा एका थैलीत एक रुपयाची आणि दोन रुपयांची नाणी मिसळलेली आहेत. नुसती एकूण रक्कम सांगितली तर कुठली किती हे कळणार नाही. रकमेबरोबर नाण्यांची संख्याही सांगितली की लगेच उलगडतं. कमी ऊर्जेचा आणि जास्त ऊर्जेचा क्ष-किरण एकाच जागेतून पाठवला की अशाच दोन बेरजा हाती येतात आणि दोन अज्ञातं सुटतात.

हे शक्य होतं ते अणूंच्या स्वभावामुळे. कमी ऊर्जेचे क्ष-किरण जड अणूंपाशी फार अडतात. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस, म्हणजे अणुक्रमांक २० आणि १५. स्नायूंचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी, म्हणून तिथं ऑक्सिजन भरपूर, अणुक्रमांक ८. चरबीचा रेणू म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन, ६ आणि १. ऊर्जा वाढवली की हा भेद पुसट होत जातो. म्हणून एकाच जागेवर कमी ऊर्जेचे किरण किती अडले आणि जास्त ऊर्जेचे किती, यांचं गुणोत्तर काढलं की ते त्या जागेतल्या पदार्थाची ओळख सांगतं. ४० आणि ७० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जोडीसाठी शुद्ध चरबीचं गुणोत्तर १.२च्या आसपास येतं, चरबीविरहित मांसाचं १.४च्या थोडं खाली. सगळी मोजणी या एवढ्याशा फटीत बसवलेली आहे. हाडाचं गुणोत्तर त्याच्या कितीतरी वर असतं.

१९८७मध्ये किरणोत्सारी मूलद्रव्याच्या जागी क्ष-किरण नळी असलेली यंत्रं बाजारात आली. आज वयस्कर बायकांना हाडांच्या ठिसूळपणासाठी डॉक्टर जी 'डेक्सा' करायला सांगतात, ती हीच. हाड नीट मोजायचं तर त्याच्याभोवतीचं मऊ मांस हिशेबातून वजा करायला हवं. आणि ते वजा करायचं तर त्यात चरबी किती हे ठरवायला हवं. चरबीचा आकडा असा हाडाच्या हिशेबातला मधला टप्पा म्हणून जन्मला.

मॅडिसनमध्येच रिचर्ड मॅझेस यांनी लूनार नावाची कंपनी काढली होती. जनुकं बदललेल्या उंदरांची हाडं तपासण्याची गरज १९९०च्या दशकात वाढत गेली, तेव्हा या कंपनीनं उंदरांसाठी टेबलावर मावणारं डेक्सा यंत्र बनवलं : पिक्सिमस. माणसांच्या यंत्रात झोत अंगावरून सरकत जातो. पिक्सिमसमध्ये शंकूच्या आकाराचा झोत अख्ख्या उंदरावर एकदम पडतो आणि खाली डिजिटल संवेदक चित्र टिपतो. चित्रातला एक ठिपका ०.१८ मिलिमीटरचा. सगळं काम पाच मिनिटांच्या आसपास संपतं.

मोजणीची रीत सांगायला सोपी आहे, पण करायला निगुतीची. सकाळी यंत्र सुरू केलं की आधी 'फॅन्टम' मोजायचा. हाड आणि चरबी यांचं प्रमाण आधीच ठाऊक असलेला हा प्लास्टिकचा ठोकळा. त्याचा आकडा नेमून दिलेल्या मर्यादेत आला नाही तर त्या दिवशी उंदराला हात लावायचा नाही. उंदराला आयसोफ्लुरेन हुंगवून किंवा इंजेक्शनानं भूल द्यायची, कारण मिनिटभरही तो स्वतःहून निपचित राहणार नाही. त्याला तबकावर पालथा घालायचा, पाय बाहेरच्या बाजूला पसरून चिकटपट्टीनं अलगद धरायचे, शेपूट अंगापासून दूर वळवायची. पाय पोटाखाली दुमडला तर त्याचं हाड पोटाच्या चरबीवर पडतं आणि आकडा बिघडतो. भुलीत उंदराचे डोळे उघडेच राहतात, ते कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालावं लागतं. एवढासा देह भुलीत झपाट्यानं गार पडतो, म्हणून शुद्धीवर येईपर्यंत ऊब द्यावी लागते. लठ्ठ उंदरांच्या बाबतीत भुलीचं प्रमाणही जपून ठरवायचं असतं. चांगल्या प्राणिगृहात मुरलेला तंत्रज्ञ हे सगळं शांतपणे करतो. त्याच्या हाताच्या सवयीवर आकड्याचा नेमकेपणा किती अवलंबून आहे, हे शोधनिबंधांच्या तक्त्यांवरून कळत नाही.

या यंत्रावर विश्वास ठेवावा का, हे तपासलं बर्मिंगहॅममधल्या अलाबामा विद्यापीठात. टिम नेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ब्लॅक सिक्स जातीचे उंदीर भूल देऊन प्रत्येकी तीनदा मोजले. दर वेळी उचलून पुन्हा नव्यानं मांडायचं. मग तेच उंदीर मारून जुन्या रासायनिक रीतीनं तपासले. जिवंत मोजणारं यंत्र खरं बोलतं का, हे कळायला तेवढे उंदीर द्यावे लागले. पुन्हापुन्हा मोजलेल्या चरबीतला फरक सुमारे दोन टक्के निघाला. पंचवीस ग्रॅमच्या उंदरात साडेतीन ग्रॅम चरबी असेल, तर हा फरक ७० मिलिग्रॅमचा, साखरेच्या मूठभर कण्यांएवढाही नाही. रासायनिक आकड्याशी यंत्राचा आकडा फार जवळून जुळत होता, म्हणजे ज्याची चरबी खरोखर जास्त, त्याचीच यंत्रातही जास्त दिसत होती. मात्र यंत्र चरबी खऱ्यापेक्षा वाढवून सांगत होतं. म्हणून दुरुस्तीचं समीकरण जोडावं लागलं. पुढे इतर प्रयोगशाळांनी आपापल्या यंत्रांवर हीच तपासणी केली आणि आपापली समीकरणं काढली.

यंत्र चुकतं त्यामागची कारणंही समजण्यासारखी आहेत. थैलीत पाच रुपयांची तिसरी नाणी आली की रक्कम आणि संख्या या दोन गोष्टींवरून कोडं सुटत नाही. शरीरातही हाड, मांस, चरबी असे तीन पदार्थ आणि हाती दोनच बेरजा. म्हणून चित्रातल्या ज्या ठिपक्यात हाड आहे, तिथली चरबी यंत्र मोजतच नाही. शेजारच्या हाड नसलेल्या ठिपक्यांवरून अंदाज बांधतं. माणसात असे हाडाचे ठिपके एकूण चित्राच्या निम्म्याहून कमी असतात. उंदराचं डोकं तर जवळपास सगळंच कवटी, शेजारी मऊ भाग नावालाच. म्हणून बहुतेक प्रयोगशाळा डोकं हिशेबातून वगळतात. शरीरातलं पाणी कमीजास्त झालं तरी मांसाचं गुणोत्तर हलतं. शिवाय पिक्सिमस साधारण १० ते ५० ग्रॅम वजनाच्या उंदरांसाठी बेतलेलं होतं. पूर्ण वाढलेला ओबी उंदीर, ज्याच्यामुळे हा सगळा शोध सुरू झाला, तो या मर्यादेपलीकडे जातो आणि चित्राच्या चौकटीतही धड मावत नाही.

या त्रुटी माहीत असूनही ते यंत्र मोठं ठरलं, कारण तोच उंदीर दुसऱ्या महिन्यात, चौथ्या महिन्यात, म्हातारपणी पुन्हा तबकावर येऊ शकत होता. दोन गट, प्रत्येकी दहा उंदीर, पाच वेळा मोजणी असा प्रयोग आखला तर मारून मोजायला शंभर उंदीर लागतील, जिवंत मोजायला वीस. आणि ते वीस अधिक सांगतील, कारण प्रत्येकाची तुलना त्याच्याच कालच्या देहाशी होते. इंग्लंडमधल्या विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन तत्त्वं मांडली : शक्य तिथं प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांचा त्रास कमी करा. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीनं प्रयोग संपल्यावर प्राण्याच्या पुनर्वसनाचं चौथं तत्त्व त्यात जोडलं. प्रत्येक संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे प्रस्ताव जातो, तेव्हा 'एवढेच प्राणी का?' हा प्रश्न विचारायचाच असतो. त्या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याची ताकद अशा यंत्रांमुळे आली. समितीचा शिक्का म्हणजे केवळ कागदी सोपस्कार, असं मानणाऱ्या संशोधकांनी या हिशेबाकडे नीट पाहावं.

*

डेक्साचं चित्र सपाट असतं. त्यात चरबी किती हे कळतं, कुठं हे फारसं कळत नाही. आणि चरबीच्या बाबतीत जागेला फार महत्त्व आहे. कातडीखालची चरबी बरीचशी निरुपद्रवी. पोटात आतड्यांभोवती, यकृताभोवती साठलेली चरबी मधुमेह आणि हृदयविकाराशी जोडलेली. ती वेगळी दिसण्यासाठी मायक्रो-सीटी लागतं.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानं पहिल्या रुग्णाचा मेंदू लंडनच्या विम्बल्डन भागातल्या रुग्णालयात १९७१मध्ये दाखवला. त्यांच्याच नावाच्या मापपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि चरबी उणे शंभरच्या आगेमागे. फुप्फुसांतली हवा वगळली तर शरीरात चरबीच पाण्याखाली एवढी उतरते, म्हणून संगणकाला ती वेचून काढणं सोपं जातं. उंदरांच्या सीटीमध्ये याच तत्त्वावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून बारीक ठोकळ्यांमध्ये देह विभागला जातो. पोटाच्या भिंतीच्या स्नायूंचा पातळ पडदा ओळखून त्याच्या आतली चरबी आणि बाहेरची चरबी अलग करायची, ही रीत न्यू यॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९च्या सुमारास उंदरांत बसवली.

त्यात दोन अडचणी आहेत. श्वासाबरोबर पोट हलतं आणि पडदा धूसर होतो, म्हणून श्वासाच्या ठरावीक क्षणीच चित्र टिपावं लागतं. दुसरी अडचण जास्त गंभीर : क्ष-किरणांची मात्रा. डेक्साची मात्रा किरकोळ असते. मायक्रो-सीटीत चित्र जितकं बारीक हवं तितके किरण वाढवावे लागतात आणि एका वेळची मात्रा काहीशे मिलिग्रेपर्यंत जाऊ शकते. दर आठवड्याला असं केलं तर मोजणीच उंदराला आजारी पाडील, आणि मग वजन घटलं ते औषधानं की किरणांनी हे सांगता येणार नाही. म्हणून किती वेळा मोजायचं, हा निर्णय हावरेपणानं घ्यायचा नसतो. किरण अजिबात नकोत तर चुंबकीय अनुनादावर चालणारी यंत्रं आहेत. जागा उंदीर प्लास्टिकच्या नळीत दोन मिनिटं बसतो, भूलही लागत नाही. बऱ्याच प्रयोगशाळा आता नुसत्या चरबीसाठी तीच वापरतात. हाड आणि चरबी दोन्ही एकत्र पाहायची असतील तिथं क्ष-किरणांना अजून तोड नाही.

सीटीमुळे तपकिरी चरबीकडेही जिवंतपणी पाहता आलं. उंदराच्या दोन खांद्यांच्या मध्ये ही चरबी असते आणि ती साठवण्याऐवजी जाळून ऊब देते. थंडीत ठेवलेल्या उंदरात तिच्यातले स्निग्ध थेंब वापरले जातात आणि सीटीवर ती पाण्याच्या जवळ सरकते. इथं एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. बहुतेक प्राणिगृहांत तापमान २२ अंशांच्या आसपास असतं, कारण अंगरखे घालून काम करणाऱ्या माणसांना ते सुखाचं. उंदराला सुखाचं तापमान ३०च्या जवळचं. म्हणजे ज्या उंदरांवर आपण लठ्ठपणाचा अभ्यास करतो ते बारा महिने कुडकुडत असतात आणि खाल्लेल्याचा मोठा वाटा ऊब धरण्यात घालवतात. चरबी जाळण्याचा दावा करणारं औषध अशा उंदरांत फार यशस्वी दिसलं, तर मला पहिला प्रश्न खोलीच्या तापमानाचा विचारावासा वाटतो. तसाच दुसरा प्रश्न चरबीच्या जागेचा. नर उंदराच्या वृषणांजवळचा चरबीचा गोळा काढायला सोपा, म्हणून हजारो निबंधांत 'पोटाची चरबी' म्हणून त्याचीच तपासणी असते. माणसाच्या शरीरात त्याला तोडीस तोड काही नाही. आणि हे बहुतेक प्रयोग नरांवर. ६० टक्के ऊर्जा चरबीतून देणाऱ्या खाद्यावर ब्लॅक सिक्सच्या माद्या नरांपेक्षा कमी फुगतात, एवढ्याच कारणानं त्या बाजूला पडल्या.

सेमाग्लुटाइडसारखी वजन उतरवणारी औषधं आल्यापासून चरबी आणि मांस वेगळं मोजण्याची गरज पुन्हा ऐरणीवर आली आहे. त्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत १४० जणांचं डेक्सा मुद्दाम केलं गेलं, कारण उतरलेल्या किलोंमध्ये स्नायू किती गेले हे जाणून घेणं साठीपुढच्या माणसासाठी तरी फार निकडीचं आहे. औषध माणसापर्यंत येण्याआधी हाच प्रश्न उंदरांच्या तबकावर विचारला जातो.

*

उंचीच्या मानानं वजन सारखं आणि चरबी वेगळी, याचं सर्वात बोलकं उदाहरण मात्र उंदरांचं नाही आणि ते पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचं छायाचित्र छापलं. उंची-वजनाच्या हिशेबानं काढलेला बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी 'योग्य'. डेक्सानं मोजलेली चरबी यूडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबीदार असा भारतीय देह त्या एका पानानं जगापुढे मांडला.

त्यामागे पुण्याजवळच्या सहा गावांतला दीर्घ अभ्यास होता. १९९३पासून याज्ञिक यांच्या गटानं तिथल्या गरोदर बायकांचा आहार, श्रम आणि बाळांची मापं नोंदवली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांत कमतरता होती ती स्नायूंची आणि अवयवांची. कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांचं डेक्सा केलं. गरोदरपणात ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट जास्त होतं त्यांच्या अंगात चरबी जास्त निघाली, आणि जिथं आईला ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं होतं तिथं मुलांच्या शरीरात इन्सुलिनला दाद कमी.

माणसांत तीस वर्षांत एकच पिढी पाहता येते. म्हणून आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात रॅट, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांच्या ५० पिढ्या अर्धपोटी आहारावर वाढलेल्या होत्या. त्यांची पिल्लं जन्मतः हलकी. डेक्सा आणि एमआरआयनं पाहिलं तर पोटातली चरबी भरपेट खाणाऱ्यांपेक्षा जास्त, आणि रक्तात ब-१२ व फोलेट कमी. यानंतर दोन पिढ्यांना हवं तेवढं चांगलं अन्न दिलं. शरीरातले दोष तरीही गेले नाहीत.

पुण्याच्या आसपासच्या त्या खेड्यांमध्ये एव्हाना 'प्रिया' नावाची चाचणी सुरू झालेली होती. अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना, ती आईबाप होण्याच्या कितीतरी आधी, किशोरवयातच ब-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं द्यायची. त्यांतल्या मुलींची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, आणि त्या बाळांचीही मापं घेतली गेली.